मायदेशी मंडळ्यांच्या भेटी: मिशनऱ्याच्या दौऱ्याची तयारी, यादीपासून शेवटच्या पत्रापर्यंत

तीन-चार वर्षं दूर सेवा करून मायदेशी उतरलेल्या मिशनऱ्याला सगळ्यात जास्त हवी असते ती झोप. हातात पडते ती मात्र मंडळ्यांची, म्हणजे त्याला पाठवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या चर्चची, यादी. अमक्या रविवारी इथे उपासना, तमक्या बुधवारी तिथे प्रार्थनासभा, मध्ये महिला मंडळ, तरुण संघ, संडे स्कूल. जुने लोक या काळाला 'फर्लो' म्हणत. तो शब्द मूळचा डच, अर्थ रजा, आणि सैनिकांच्या रजेसाठी तो रुळला. हल्ली बऱ्याच संस्था 'होम असाइनमेंट' म्हणतात. ते जास्त प्रामाणिक आहे, कारण यात रजेसारखं फार थोडं असतं.

मी असे तीन दौरे केले. पहिला पार फसला, दुसरा बरा झाला, तिसऱ्याला हा उद्योग कशासाठी आहे ते कळलं. पहिल्या खेपेला मी गेलो होतो आधार, म्हणजे मंडळ्यांकडून नेमानं येणारा पैसा, वाढवायला. प्रत्येक मंडळीकडे बघताना मनात आकडेमोड चाले, आणि ती समोरच्याला दिसते. कितीही गोड बोललात तरी दिसते. आता माझं म्हणणं एवढंच आहे की हा दौरा मागणीचा नाही, हिशेबाचा आहे. ज्यांनी पाठवलं त्यांच्यासमोर उभं राहून काय झालं ते सांगायचं, आणि मग त्यांचं काय चाललंय ते ऐकायचं. पैशाचा हिशेब हा त्यातला लहानसा तुकडा.

याचा पहिला नमुना बायबलमध्ये, प्रेषितांच्या कृत्यांच्या १४व्या अध्यायात आहे. पौल आणि बर्णबा पहिल्या फेरीनंतर अंत्युखियाला परत आले, मंडळीला एकत्र जमवलं आणि देवानं आपल्या हातून काय काय केलं ते सांगितलं. हे २७वं वचन मिशनरी सभांमध्ये नेहमी वाचलं जातं. २८वं सहसा कुणी वाचत नाही. त्यात लिहिलंय की नंतर ते तिथे शिष्यांबरोबर बरेच दिवस राहिले. दौरा आखताना दोन्ही वचनं डोळ्यांसमोर ठेवावीत.

आधी यादी, मग कॅलेंडर

निघायच्या आठ-नऊ महिने आधी एक वही घ्या. मोबाइलमधलं कोष्टकही चालेल, पण वही प्रवासात जास्त उपयोगी पडते. मंडळीमागे एक पान. वर मंडळीचं नाव, खाली चार गोष्टी: तुमच्याशी नातं कसं जुळलं, आधार कधीपासून आहे, आता पाळक, म्हणजे पास्टर, कोण आहेत, आणि तुमची पत्रं तिथे नेमकं कोण वाचतं. शेवटचा मुद्दा लोक गाळतात. बहुतेक मंडळ्यांमध्ये मिशनरी म्हणजे प्रत्यक्षात एकाच माणसाच्या मनातली गोष्ट असते. एखाद्या निवृत्त बाई दर आठवड्याला तुमचं नाव घेऊन प्रार्थना करतात, आणि कमिटीला त्यांच्यामुळेच तुमची आठवण राहते. त्या बाई कोण हे शोधून काढा. पास्टर बदलले असतील तर तुमची ओळख नव्यानं करून देणाऱ्या त्याच असतात.

ज्यांनी आधार थांबवला त्यांचंही पान करा. त्याबद्दल पुढे बोलू.

आता कॅलेंडर. इथे सरळ गणित मांडावं लागतं, नाहीतर भिडेपोटी सगळ्यांना 'हो' म्हणून बसता. समजा जानेवारी ते जून असे सहा महिने हातात आहेत. रविवार झाले २६. उतरल्यावरचे पहिले तीन पूर्ण विश्रांतीचे, त्यात वैद्यकीय तपासण्याही आल्या. परतीपूर्वीचे दोन सामान आणि कुटुंबासाठी. झावळ्यांचा रविवार, ईस्टर आणि त्यापुढचा, हे तीन सोडा. त्या दिवसांत मंडळ्यांचे स्वतःचे कार्यक्रम असतात आणि तुम्ही मध्ये आलात तर अडगळच होते. ज्या मंडळीनं तुम्हाला डोक्यावर हात ठेवून, प्रार्थना करून पाठवलं तिच्यासाठी दोन, एक सुरुवातीला आणि एक शेवटी. आजारपण, बंद पडलेली गाडी, अचानक आलेली मयत यांसाठी दोन राखीव. बारा गेले, चौदा उरले. यादीत पाठवणारी मंडळी धरून २२ नावं असतील तर उरलेल्या २१पैकी सात मंडळ्यांना मधल्या वारी भेटावं लागेल. हे आधीच कळलं की मंडळ्यांना तसं विचारता येतं. उशिरा कळलं की एका रविवारी सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरी अशी धावपळ सुरू होते, आणि दुसऱ्या मंडळीच्या वाट्याला तुमचा नुसता आवाज येतो.

तारखा आमंत्रणांच्या क्रमानं देऊ नका. नकाशा पुढे घ्या, एका भागातल्या मंडळ्या एकत्र करा, आणि प्रत्येक भागाची एक फेरी ठरवा. दहा-बारा दिवसांची फेरी, मग चार-पाच दिवस एकाच छपराखाली. सलग तीन संध्याकाळी बोलायचं नाही, हा आमच्या घरातला नियम आहे. तो माझ्या पत्नीनं केला, आणि मोडायची परवानगीही तिच्याचकडे मागावी लागते.

कशाला जाणार ते पत्रातच सांगा

पाहुणा कशासाठी येतोय हे मंडळीला माहीत नसेल तर ती सगळ्यात सोपा अर्थ लावते: पैसे हवे असतील. म्हणून पहिलं पत्र स्वच्छ लिहा. मी साधारण असं लिहितो:

"प्रिय पास्टर आणि वडीलजन, प्रभूच्या नावात सलाम. आम्ही जानेवारी ते जून मायदेशी आहोत. गेली सहा वर्षं तुमच्या मंडळीनं आमच्यासाठी प्रार्थना केली आणि नेमानं आधार दिला. त्यातून काय झालं आणि काय झालं नाही, हे तुमच्यासमोर येऊन सांगावं अशी इच्छा आहे. मार्चच्या पहिल्या दोन आठवड्यांत आम्ही तुमच्या भागात असू. त्यातला एखादा रविवार किंवा मधल्या वारची प्रार्थनासभा तुम्हाला सोयीची आहे का? वेळ किती द्यायचा ते तुम्ही ठरवा, फक्त मिनिटं आधी कळवा. संदेश द्यायचा आहे की कामाचा वृत्तांत, तेही कळवा. उपासनेचं प्रक्षेपण होत असेल तर आमच्या भागापुरतं ते थांबवावं लागेल, त्याचं कारण फोनवर सांगतो. मुक्कामाची सोय अवघड असेल तर मोकळेपणानं सांगा, आम्ही आमची करू. आणखी एक विनंती: उपासनेनंतर किंवा आदल्या दिवशी तुमच्याबरोबर तासभर नुसतं बसायला आवडेल. तुमच्या मंडळीचं काय चाललंय ते ऐकायचं आहे."

शेवटचं वाक्य शिष्टाचार म्हणून घालू नका. पास्टर लोकांना कुणी विचारत नाही. मी ते विचारायला लागल्यापासून कितीतरी ठिकाणी त्या तासात मी दोनच वाक्यं बोललो आणि पुढ्यातला माणूस डोळे पुसत होता.

उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी फोन करा. दोन फोननंतरही शांतता असेल तर त्या पानावर खूण करा आणि पुढे चला. मौनाचा अर्थ बहुतेक वेळा नाराजी नसतो. कार्यालयाचा पत्ता बदललेला असतो किंवा सेक्रेटरी नवा असतो.

तीन मापांची साक्ष

साक्षीची, म्हणजे देवानं तुमच्या कामात काय केलं ते सांगण्याची, तयारी तीन मापांची ठेवा: तीन मिनिटं, दहा मिनिटं आणि तीस मिनिटं. वेळ कळवलेला असला तरी घोषणा लांबतात, गीतं वाढतात, आणि स्टेजवर चढताना पास्टर कानात म्हणतात, "भाऊ, जरा आटोपशीर घ्या." तेव्हा तीस मिनिटांचं दहात कोंबायला गेलात तर ना धड साक्ष होते ना वृत्तांत. दहा मिनिटांचं भाषण वेगळंच रचलेलं असलं पाहिजे.

तीन मिनिटांत एक माणूस, त्याच्यात झालेला एक बदल आणि प्रार्थनेची एक विनंती. बाकी काही नाही. दहा मिनिटांत तोच माणूस, पण त्याचं गाव, त्याची अडचण आणि त्यात तुमचं काम कुठे बसतं तेही. तीस मिनिटांत दोन माणसं येऊ शकतात, आणि त्यातल्या एकाची गोष्ट नीट न संपलेली असावी.

सुरुवात नकाशा आणि लोकसंख्येनं करू नका. लोक जागे असतात ती पहिली दीड मिनिटं आकड्यांवर खर्चू नयेत. माझी सगळ्यात जास्त लक्षात राहिलेली गोष्ट अशी आहे: आमच्या शास्त्राभ्यासाला एक बाई दोन वर्षं दाराबाहेर उभी राहून ऐकायची. आत बोलावलं की हसायची आणि निघून जायची. तिसऱ्या वर्षी एके दिवशी आत येऊन बसली. एवढंच. बाप्तिस्मा नाही, चमत्कार नाही. पण आजही लोक फोनवर विचारतात, ती बाई अजून येते का?

एक अपयशही सांगा. सगळं यशच असेल तर ऐकणाऱ्याला वाटतं, मग प्रार्थना कशासाठी करायची? बंद पडलेली शाळा, सोडून गेलेला सहकारी, तुमची चुकलेली भाषा, काहीही. फक्त त्यात दुसऱ्याला दोष देण्याचा सूर नको.

लोकांना चटकदार गोष्टी हव्या असतात हे खरं, आणि ते आजचं नाही. अदोनीराम जडसन १८१२ साली अमेरिकेहून निघाले आणि ब्रह्मदेशातल्या सेवेनंतर १८४५ मध्ये पहिल्यांदाच परत आले, ३३ वर्षांनी. वाटेत सेंट हेलेना बेटावर त्यांची पत्नी सारा वारली होती. घशाच्या आजारानं आवाज इतका बसलेला की ते हळू बोलत आणि शेजारी उभा असलेला दुसरा माणूस तेच मोठ्यानं सांगे. तुरुंगवास भोगलेल्या या माणसाकडून थरारक किस्से ऐकायला लोक जमत, आणि ते ख्रिस्ताविषयी बोलून खाली बसत. काहींचा हिरमोड होई. मला हे वाचून फार धीर आला. आवाज नाही, किस्से नाहीत, तरी भेट होऊ शकते.

दिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिट आधी थांबा. सात मिनिटं दिली तर सहा. पुढच्या वेळी पंधरा मिळतात.

यंत्रांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चित्रं बारा-पंधरा पुरेत, व्हिडिओ असेल तर इंटरनेटशिवाय चालणारा हवा, पेन ड्राइव्हवर एक प्रत, जोडणीची वायर स्वतःची. आणि पडदा चाललाच नाही तरी बोलता आलं पाहिजे. महिन्यातून एकदा तो चालत नाहीच.

नावं, चेहरे आणि थेट प्रक्षेपण

इथे मात्र थांबून विचार करायला हवा. यातली चूक तुम्हाला नाही, तिकडे राहिलेल्या माणसाला भोवते.

दोन प्रश्न वेगवेगळे आहेत. पहिला सुरक्षेचा. काही ठिकाणी विश्वासात आलेल्या माणसाचं नाव बाहेर फुटलं की त्याचं घर, नोकरी, कधी जीवही धोक्यात येतो. दुसरा सन्मानाचा. धोका नसला तरी कुणाचं दुःख त्याला न विचारता शंभर लोकांसमोर मांडायचा हक्क आपल्याला कुणी दिला? दुसऱ्या प्रश्नासाठी माझी एक सोपी परीक्षा आहे. जिच्याबद्दल बोलतोय ती व्यक्ती मागच्या बाकावर बसलेली आहे असं समजायचं. तरी हेच बोललो असतो का? नसतो, तर ते वाक्य काढून टाकायचं. नाक वाहणाऱ्या उघड्या मुलांचे फोटो या परीक्षेत पहिल्या फटक्यात गळतात.

परवानगी घेताना फोटो कुठे दाखवणार ते नीट सांगा. "फोटो काढू का?" याला दिलेला होकार आणि "हा फोटो परदेशात मोठ्या सभेत पडद्यावर दाखवू का?" याला दिलेला होकार, हे दोन वेगळे होकार आहेत. मोबाइलनं काढलेल्या फोटोत बऱ्याचदा जागेची नोंदही साठलेली असते. तो कुणाला पाठवण्याआधी ती काढून टाका. फोटोत दुकानांच्या पाट्या, शाळेचे गणवेश, गाड्यांचे नंबर दिसतात का ते बघा. चेहरा झाकला आणि मागे गावाच्या नावाची पाटी राहिली, हे मी स्वतः केलेलं आहे.

आता प्रक्षेपण. एका मंडळीत मी सगळी काळजी घेतली, नावं बदलून सांगितली, माझं बोलणं होईपर्यंत कॅमेराही बंद होता. मग तो सुरू झाला आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांपैकी एकजण प्रार्थनेला उभे राहिले. आदल्या रात्री जेवताना मी सहज घेतलेलं खरं नाव त्यांच्या लक्षात राहिलं होतं. प्रेमानं, मोठ्या आवाजात, गावासकट त्यांनी ते प्रार्थनेत घेतलं. व्हिडिओ काढायला दोन दिवस लागले. चूक त्यांची नव्हती. तेव्हापासून खरी नावं मी जेवणाच्या टेबलावरही घेत नाही. बदललेली नावं प्रार्थनेच्या कार्डावर छापलेली असतात, आणि सगळ्यांनी तीच वापरायची. कार्डाच्या खाली एक ओळ: 'हे कार्ड घरी ठेवावं, समाजमाध्यमांवर टाकू नये.' व्हॉट्सॲपचे गट हेही समाजमाध्यमच आहेत, हे तोंडी सांगावं लागतं.

लोकांच्या घरी मुक्काम

शक्य असेल तर हॉटेलपेक्षा कुणाच्या घरी राहा. मंडळीची खरी ओळख उपासनेत होत नाही, रात्री भांडी आवरताना होते. यजमानांना निघण्याआधीच पथ्यपाणी, औषधं आणि झोपेची वेळ कळवा. पोहोचल्यावर सांगितलं की त्यांचीच धांदल होते. अकराच्या पुढे गप्पा रंगल्या तर एकानं तरी उठून झोपायला जावं. नवरा-बायकोनं हे आळीपाळीनं करावं.

यजमानांची नावं, मुलांची नावं, कुणाचं ऑपरेशन व्हायचं आहे, कुणाचा मुलगा नोकरी शोधतोय, हे त्याच रात्री वहीत लिहा. चार वर्षांनी तुम्ही परत आलात आणि "ऑपरेशन नीट झालं ना?" असं विचारलंत तर त्याचा परिणाम कुठल्याही पडद्यावरच्या चित्रापेक्षा मोठा असतो. हे डावपेच म्हणून करू नका. मी आधी तसंच करायचो. नंतर लक्षात आलं की नावं लिहिली की त्यांच्यासाठी प्रार्थना आपोआप व्हायला लागते.

अवघड प्रश्न

"किती लोकांचा बाप्तिस्मा झाला?" हा प्रश्न येतोच. खरा आकडा सांगा. शून्य असेल तर शून्य सांगा, आणि मग काय घडतंय ते सांगा. मिशनरी विल्यम केरी १७९३ साली इंग्लंडहून निघाले, आणि बंगालमध्ये त्यांच्या कामातून पहिला बाप्तिस्मा व्हायला १८००चा डिसेंबर उजाडला. सात वर्षं. केरी स्वतः कधीच मायदेशी परतले नाहीत. १८३४ साली ते बंगालमधल्या श्रीरामपूरलाच वारले. इकडे मंडळ्यांमध्ये हिंडून, माणसांना धरून ठेवायचं काम मिशनचे सचिव अँड्र्यू फुलर यांनी केलं. म्हणजे दौरा कुणीतरी केलाच.

"तिथले लोक हे काम स्वतः का करत नाहीत?" हा प्रश्न टोचतो, पण रास्त आहे. ते करत असतील तर त्यांच्याबद्दल बोला, स्वतःबद्दल कमी. करत नसतील तर का, हे तुम्हालाच ठाऊक असायला हवं.

"इथे काय गरज नाही का?" यावर वाद घालू नका. गरज आहेच. विचारणारा बहुधा इथल्याच एखाद्या कामात एकटा पडलेला असतो. त्याला विचारा, तुम्ही काय करता? उपासनेनंतर वेळ काढून बसा.

आणि "मला माहीत नाही" हे उत्तर देता आलं पाहिजे. त्या देशाच्या राजकारणावर तुम्ही तज्ज्ञ नाही. त्यावर ठोकून दिलेलं वाक्य फिरत फिरत नको तिथे पोहोचतं.

पैशाचं बोलणं

दोन टोकं आहेत. एका टोकाला चीनला गेलेले इंग्रज मिशनरी हडसन टेलर. १८६५ साली त्यांनी चायना इनलंड मिशन सुरू केलं ते 'माणसांकडे पैसे मागायचे नाहीत' या नियमावर. त्यांच्या सभांमध्ये दानाची थाळी फिरत नसे. एका सभेत यजमानांना थाळी फिरवायची होती, टेलर यांनी नको म्हटलं. रात्रभर यजमानांना झोप लागली नाही. थाळी फिरली असती तर पाच पौंड टाकणार होते, सकाळी त्यांनी ५०० पौंडांचा चेक दिला. ही गोष्ट सांगून काही लोक न मागण्यालाच युक्ती बनवतात, डोळे मिटून उसासा टाकतात. ते मागण्यापेक्षा वाईट. दुसरं टोक म्हणजे दर वाक्यात गरज.

मला मधला रस्ता पटतो. विचारलं तर आकडा सरळ सांगायचा: महिन्याला इतके लागतात, इतके येतात, इतके कमी पडतात. न विचारता साक्षीत घुसडायचा नाही. माहितीचा एक कागद मागच्या टेबलावर असावा, ज्याला हवा तो घेईल. पौलानं फिलिप्पैकरांना लिहिताना हा तोल फार सुंदर सांभाळला आहे. मी देणगीच्या मागे नाही, तुमच्या खात्यावर फळ जमावं अशी माझी इच्छा आहे, असं तो म्हणतो. व्यापाराचेच शब्द, पण खातं देणाऱ्याचं.

व्यवहार मात्र कडक हवा. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात यरुशलेमसाठी गोळा झालेला पैसा न्यायला पौल तीताबरोबर आणखी दोन भाऊ पाठवतो, कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून. रोख पाकीट हातात आलं तर दोघांसमोर मोजा, लगेच पावती द्या, पाकिटावरच तारीख आणि मंडळीचं नाव लिहा. प्रवासखर्च, घरखर्चासाठी दिलेली वैयक्तिक भेट आणि कामासाठीचं दान ही तीन वेगळी खाती आहेत. देणाऱ्यानं स्पष्ट केलं नसेल तर त्याच क्षणी विचारा, "हे कशासाठी?" नंतर अंदाज बांधत बसू नका. काम दुसऱ्या देशात असेल तर पैसा संस्थेच्या खात्यातूनच जाऊ द्या. रोख सामानात घालून नेणं कायद्यात बसत नसेल तर ते देवाच्या नावानंही बसत नाही.

हिशेबाचा एक नमुना आपल्या पंडिता रमाबाईंचा आहे. त्या कुणी पाठवलेल्या मिशनरी नव्हत्या, त्यांचे पाठीराखे मात्र समुद्रापलीकडचे. १८८७च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिनं दहा वर्षं आधार द्यायचं मान्य केलं. त्या जोरावर १८८९च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. दहा वर्षांची मुदत संपल्यावर, १८९८ साली, रमाबाई स्वतः अमेरिकेला गेल्या आणि पाठीराख्यांसमोर उभ्या राहिल्या. मुदत संपली की पत्रावर काम भागवायचा मोह होतो, तेव्हा मला हे आठवतं.

आधार थांबवलेल्या मंडळीकडेही जा. पाच मिनिटं का होईना. "इतकी वर्षं दिलंत, त्यातून हे झालं" एवढं सांगा आणि निघा. मागू नका. कारण विचारू नका. त्यांनी सांगितलं तर ऐका. आणि पंधरा माणसांच्या मंडळीला मोठीइतकाच वेळ द्या. तिथे सगळी माणसं तुम्हाला नावानं ओळखतात.

मुलं

मुलांना स्टेजवर उभं करून तिकडच्या भाषेतलं गाणं म्हणायला लावायची पद्धत आहे. आधी त्यांना विचारा, आणि 'नाही' म्हणाली तर पास्टरांना तुम्ही सांगा, मुलांवर ढकलू नका. मोठ्यांना हे 'घरी येणं' वाटतं. मुलांचं घर बहुधा तिकडे मागे राहिलेलं असतं, आणि दर रविवारी नवी माणसं त्यांना म्हणतात, "घरी येऊन छान वाटत असेल ना!" आमच्या मोठीनं एकदा गाडीत विचारलं, "मी किती वेळा हो म्हणायचं?" त्या फेरीतले पुढचे दोन रविवार ती आजीकडे राहिली. मंडळ्यांनी समजून घेतलं.

शाळेचं वर्ष मध्ये तुटत असेल तर दौरा त्याभोवती आखा, उलट नको.

प्रत्येक भेटीनंतर, आणि शेवटी

सात दिवसांच्या आत आभाराचं पत्र. एक पास्टरांना, एक यजमानांना, आणि एक त्या बाईंना, ज्या तुमची पत्रं वाचतात. दोन-तीन ओळी पुरेत, पण त्या घरातली एक खरी गोष्ट त्यात असावी. त्यांनी कळवलेल्या प्रार्थनेच्या गोष्टी तुमच्या सहकाऱ्यांना तिकडे पाठवा. आमच्याकडचे विश्वासणारे त्या मंडळ्यांसाठी नाव घेऊन प्रार्थना करतात, आणि हे मी जाताना सांगतो तेव्हा लोक चमकून बघतात. दिशा एकच असते असं त्यांनी धरलेलं असतं.

दौऱ्याच्या मधोमध एक दिवस संस्थेतल्या कुणा अनुभवी माणसाशी किंवा समुपदेशकाशी बोलायला ठेवा. शेवटी नको, तेव्हा डोकं विमानात असतं. इतक्या वेळा तीच साक्ष सांगून ती आपल्यालाच खोटी वाटू लागते, हे जवळजवळ सगळ्यांना होतं. तसं झालं की गोष्ट बदला. मी एका फेरीत दारातल्या बाईची गोष्ट महिनाभर बंद ठेवली होती.

सामान आणि कुटुंबासाठी राखलेल्या शेवटच्या दोन रविवारांच्या आधी, पाठवणाऱ्या मंडळीत दुसरा रविवार. तिथे भाषण नको. वहीतली पानं उलटत कुठे कुठे गेलो, कोण भेटलं, कोण वारलं ते सांगा आणि त्यांना प्रार्थना करू द्या. मग वहीत एक कोरं पान सोडा, वर पुढच्या खेपेचं साल लिहा, आणि कुणाला भेटायचं राहिलं त्यांची नावं त्याच रात्री लिहून टाका. तिकडे पोहोचल्यावर ती आठवत नाहीत.